आर. आर. आबांनी नेमकं केलं काय? ('साधा माणूस' हे उत्तर चालणार नाही)

येरळाकाठ
मंडळी, प्रश्न माझा नाही, भाच्याचा आहे. भाचा अकरावीला, सांगलीत शिकतो. परवा एसटीनं तासगावला येत होतो, नाक्यावर आबांच्या पोराचा, रोहितदादांचा फ्लेक्स लागलेला, त्यात नेहमीप्रमाणं आबांचा फोटो सगळ्यात मोठा. भाचा म्हणाला मामा, आबांनी नेमकं केलं काय? मी म्हटलं अरे लई साधा माणूस होता. तर म्हणतो ते कळलं, पण केलं काय? साधी माणसं आपल्या गल्लीत पण हायत की. स्टँड येईपर्यंत मला काय उत्तर सुचलं नाही राव.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आबा म्हणजे आर. आर. पाटील. तासगाव तालुक्यातल्या अंजनी गावचा पोरगा, १९७९ ला सावळज गटातनं जिल्हा परिषदेवर. १९९० ला तासगावातनं आमदार आणि मग ९५, ९९, २००४, २००९, २०१४, सलग सहा वेळा, शेवटच्या दोन वेळा तासगाव-कवठेमहांकाळ असा नवा मतदारसंघ. पहिल्यांदा काँग्रेस, ९९ पासनं राष्ट्रवादी. ग्रामविकास मंत्री, मग गृहमंत्री, उपमुख्यमंत्री, मधी राजीनामा, परत गृहमंत्री. १६ फेब्रुवारी २०१५ ला गेले, वय ५७.

तर सांगा, त्यातलं आज काय उरलंय? अट एकच. 'साधा' हा शब्द वापरायचा नाही. वापरेल त्याला पाव किलो बेदाणा दंड, तो पण हिरवा, काळा चालणार नाही.

भडंगप्रेमी
साधा प्रश्न आहे, साधं उत्तर देतो.

येरळाकाठ
अर्धा किलो झाला तुमचा. उत्तर कुठाय?

भडंगप्रेमी
उत्तर शोधतोय, तोवर दंड उधारीवर ठेवा :)

गावगाडा
मी साताऱ्याकडचा, कोरेगाव तालुका. आमच्यासाठी आबा म्हणजे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, २०००-०१ पासनं सुरू झालेलं. मी तेव्हा नववीत होतो त्यामुळं सगळं डोळ्यासमोर आहे. पहाटे पाचला हेडमास्तर शिट्टी वाजवत गल्लीतनं फिरायचे, पाठोपाठ झाडू घेऊन आम्ही. उकिरडे हलवले, गटारी काढल्या, भिंतींना चुना, त्यावर गेरूनं म्हणी लिहायच्या. माझं अक्षर बरं म्हणून मला शिडीवर चढवलेलं, एका भिंतीवर 'स्वच्छता' मधला च्छ चुकला तो अजून तसाच आहे, पुसट झालाय पण आहे.

आणि ओगराळं! तपासणीची समिती यायची ती घरात शिरून बघायची की पाणी प्यायच्या भांड्यात हात बुडवता का, लांब दांड्याचं ओगराळं आहे का. आमच्या आळीत घरं अकरा आणि ओगराळी चार. समिती पहिल्या घरातनं बाहेर पडली की तिथलं ओगराळं परड्यातनं, गोठ्यावरनं पुढच्या घरी. माझी चुलती शेवटच्या घरात उभी, धापा टाकत, हातात ओगराळं, त्यातनं पाणी ठिबकतंय. समितीतला एक जण हसला पण काय बोलला नाही. नंबर आला आमचा, पंचायत समिती पातळीवर.

चेष्टा सोडा. सरकारनं यात पैसा फार घातलाच नव्हता, बक्षीस तेवढं जाहीर केलं आणि बाकी गावानं श्रमदान केलं. धामणेर, निढळ, लोधवडे ही आमच्याकडची नावं त्याच काळात गाजली. २००३ साली केंद्रानं निर्मल ग्राम पुरस्कार काढला तो या सगळ्यानंतर. ग्रामविकास खातं म्हणजे तोवर कुणाला नको असलेलं खातं, त्यातनं एवढं उभं केलं हे काम नाही तर काय?

कोरडवाहू
ओगराळं ठीक आहे हो गावगाडा, पण ओगराळ्यात पाणी कुठलं घेणार?

मी तासगावच्या पूर्व भागातला, द्राक्षवाला. २००३-०४ च्या दुष्काळात आम्ही टँकरनं पाणी विकत घेऊन बागा जगवल्या. रात्री दोन वाजता टँकर यायचा, शेततळं नव्हतं तेव्हा, खड्डा काढून त्यात प्लॅस्टिक अंथरलेलं, त्यात ओतायचं आणि मग ड्रिपला लावायचं. एक टँकर किती झाडांना पुरतो ते माझ्या बानं कोळशानं भिंतीवर लिहून ठेवलेलं. तेव्हा आमचा माणूस गृहमंत्री होता. पुढं उपमुख्यमंत्री झाला.

म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आलं म्हणता तर आलं, पण कधी? आणि आलं तरी वीजबिल थकलं की पंप बंद, मग मोर्चा, मग थोडे पैसे भरा, मग चार दिवस पाणी. ८१-१९ चं ठरलं, म्हणजे ८१ टक्के बिल सरकार आणि १९ टक्के शेतकरी, ते सगळं आबा गेल्यावर. आणि ज्या सावळज गटातनं ते ७९ ला पहिल्यांदा निवडून आले त्याच सावळजच्या भागाला टेंभू योजनेचं पाणी मिळावं म्हणून ऑक्टोबर २०२३ ला आबांच्या पत्नी सुमनताई आणि रोहित सांगलीत कलेक्टर ऑफिससमोर उपोषणाला बसले. घरच्या माणसांना उपोषणाला बसावं लागतं मग सहा टर्म काय केलं? मला आबांबद्दल राग न्हाई, मतं आम्हीच दिली. पण भाच्याला खरं सांगा.

अण्णा_पलूस
कोरडवाहू, तुमचं दुःख बरोबर आहे पण हिशेब थोडा चुकतोय. पाटबंधारे खातं आबांकडं कधीच नव्हतं. कृष्णा खोरे महामंडळ ९६ साली झालं, त्यानंतर पैसा कुठल्या योजनेला किती जायचा हे ठरवणारे वेगळे. उपसा योजना म्हणजे नदीतनं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं, प्रत्येक टप्प्याला पंपगृह, वीज, पाईप, आणि तुमचा भाग शेवटच्या टोकाला. टोकाला पाणी सगळ्यात शेवटी येणार, मंत्री कुणीपण असू दे.

कोरडवाहू
मंत्री कुणीपण असू दे म्हणता मग मंत्री कशाला पाहिजे मर्दा?

मिरजमळा
तुम्ही दोघं भांडा, मी सांगलीकरांचं गाऱ्हाणं सांगतो. एका काळात जिल्ह्यात आबा, जयंतराव पाटील, पतंगराव कदम असे तीन तीन वजनदार मंत्री. २००८ ला आबांनी राजीनामा दिला तर गृहखातं पण जिल्ह्याबाहेर गेलं नाही, जयंतरावांकडं आलं. आणि सांगली-मिरज रस्त्यावरनं जाताना पाव्हणा विचारायचा, तुमच्याकडं कुणी आमदार नाही काय हो?

भडंगप्रेमी
तिघांना वाटायचं बाकीचे दोघं बघतील :))

मिरजमळा
नाही, तिघांना वाटायचं बाकीच्या दोघांना श्रेय नको.

विश्रामबागची_मावशी
बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते. गावगाडा, ओगराळ्याचं वाचून हसले, पण एक गोष्ट तुम्ही पुरुषमंडळी कुणीच लिहिली नाही.

माझं माहेर जत तालुक्यात. लग्नाआधी आम्हा मुलींचा दिवस कसा चालायचा सांगू? पहाटे अंधारात जायचं नाहीतर थेट रात्री दिवेलागणीनंतर. मधल्या वेळात पोट दुखलं तरी दुखू द्यायचं. उन्हाळ्यात मी पाणी कमी प्यायचे, आई पण, आजी पण. रस्त्याच्या कडेला बसलेलं असताना गाडीचा उजेड पडला की सगळ्या बायका उभ्या राहायच्या, उजेड गेला की परत. या विषयावर घरात कधी कुणी बोललं नाही, बाहेर तर लांबच.

अभियान आलं तेव्हा हा विषय पहिल्यांदा ग्रामसभेत माईकवरनं बोलला गेला. संडास हा शब्द माईकवर! म्हातारी माणसं खाली बघत होती. आमच्या घरी २००४ ला बांधला, वडिलांनी मनाविरुद्ध बांधला, आधी वर्षभर त्यात शेणी रचलेल्या होत्या हे पण खरं. पण शेणी काढल्या एक दिवस. माझ्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण माहेरी झालं तेव्हा ती रात्री एकटी उठून जाऊ शकली, माझ्या वेळी मला सोबतीला कुणाला तरी उठवावं लागायचं.

एवढ्यासाठी मी आबांना मानते. आणि आता दुसरी बाजू पण मीच सांगते. २०१४ च्या प्रचारात मनसेच्या उमेदवारावर बलात्काराचा गुन्हा होता, त्यावरनं भर सभेत यांनी जी कोटी केली ती ऐकून मला ताप आला होता. गृहमंत्रीपद नुकतंच सुटलेलं, मुली असलेला बाप. माफी मागितली नंतर. मी त्या वेळी माहेरी फोन करून सांगितलं की यांना मत देऊ नका. आईनं दिलंच म्हणा.

येरळाकाठ
मावशी, हे भाच्याला जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे. आभार.

काळाकोट_सातारा
डान्सबारबंदी कुणीच काढली नाही अजून, मीच काढतो. २००५ चा निर्णय, मुंबई पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही कलमं घातली. गावाकडं टाळ्या पडल्या, कारण पोरं पनवेलला जाऊन जमिनीचे पैसे उधळतात हे खरं होतं. पण कायदा लिहिला कसा बघा. साध्या बारमधला नाच बंद आणि तीन तारांकित व त्याच्या वरच्या हॉटेलांतला चालू. म्हणजे गरिबाच्या पुढं नाचलं की नीती बिघडते, श्रीमंताच्या पुढं नाही. उच्च न्यायालयानं २००६ ला ती बंदी उडवली आणि सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१३ ला तेच कायम केलं. समानता आणि व्यवसायाचं स्वातंत्र्य दोन्हीवर गेली. नंतर परत कायदे झाले तो भाग वेगळा. मधल्या काळात ज्या बायकांचं काम गेलं त्यांच्या पुनर्वसनाचं काय झालं ते विचारू नका.

माझ्या मते ही आबांची पद्धतच होती. हेतू चांगला, घोषणा झकास, मसुदा कच्चा.

भडंगप्रेमी
वकीलसाहेब, "साध्या बारमधला". पाव किलो!

काळाकोट_सातारा
हरकत घेतो. विशेषण बारला आहे, आबांना नाही.

येरळाकाठ
हरकत फेटाळली. पाव किलो.

बंदोबस्त
नोकरीत आहे म्हणून नाव गाव विचारू नका. मी आबा गृहमंत्री असताना भरती झालो. आमच्या घरात पाटीलकी नाही, पैसा नाही, बाप हमाल. सकाळी मैदानावर पळालो, छाती मोजली, लेखी दिली, यादीत नाव आलं, एवढंच. आई आठ दिवस विचारत होती कुणाला किती दिले ते खरं सांग. आमच्या तुकडीत असली पोरं लई होती. सगळीकडं तसंच झालं असं मी म्हणत नाही, माझ्यापुरतं सांगतो.

दुसरं, गडचिरोली. दुसऱ्यांदा गृहमंत्री झाल्यावर पालकमंत्रीपद गडचिरोलीचं घेतलं. बाकीचे तिकडं बदली झाली की रडतात. आमच्यातली जी पोरं तिकडं होती ती म्हणायची की निदान कुणी तरी येऊन जेवण कसं आहे ते बघतंय.

आणि २६/११. मोठ्या शहरात असलं छोटंमोठं होतच असतं, अशा अर्थाच्या त्या एका हिंदी वाक्यावरनं १ डिसेंबर २००८ ला राजीनामा द्यावा लागला. वाक्य चुकलंच, शंभर टक्के चुकलं. ज्यांचे साहेब गेले, ज्यांचे हवालदार गेले त्यांना ते कसं लागलं असेल. माझा एक बॅचवाला त्या रात्री ड्यूटीवर होता, तो आजपण आबांचं नाव काढलं की उठून जातो. मी थांबतो. आमची दोस्ती आहे तशीच आहे.

गावगाडा
+१ बंदोबस्त. शेवटच्या ओळी परत वाचल्या.

पाटलाचा_वाडा
तंटामुक्ती विसरलात का? १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. गावातलं भांडण गावात मिटवायचं, कोर्टात जायचं नाही, गाव तंटामुक्त झालं की बक्षीस. आमच्या गावात समितीचा अध्यक्ष कोण यावरनंच एवढा तंटा झाला की तो मिटवायला शेजारच्या गावची समिती बोलवावी लागली. मुद्दाम सांगत नाही, खरं आहे. बांधाची भांडणं मात्र खरंच मिटली, दोन भावांची वीस वर्षाची केस चहावर मिटली कारण दोघं पण दमले होते आणि कुणी तरी विचारायला पाहिजे होतं.

पुढं पुढं समितीकडं पळून जाऊन लग्न केलेली पोरंच जास्त यायला लागली. अध्यक्षांनी हार पण घरात आणून ठेवलेले.

विश्रामबागची_मावशी
आणि नवऱ्यानं मारलं तरी 'तंटा मिटवा' म्हणून बाईलाच समजावून परत पाठवलेलं मी पाहिलंय. तेही लिहा.

पाटलाचा_वाडा
लिहिलं मावशी. तुमचं खरं आहे, आमच्याकडं पण झालंय.

तंबाखूमुक्त_मी
विषयांतर, पण बोलतो. २०१२ ला राज्यात गुटखाबंदी झाली त्या सरकारात आबा गृहमंत्री. आणि स्वतः तंबाखूपायी गेले. कर्करोग कळला तोवर उशीर झालेला. आबा गेले त्या आठवड्यात आमच्या पारावर सहा जणांनी पुड्या येरळा नदीत टाकल्या, शपथा घेतल्या. त्यातले दोन अजून टिकून आहेत, एक मी. बाकी चौघं दहाव्यापर्यंत पण थांबले नाहीत. माझ्यापुरतं आबांचं हे एक उरलं म्हणा.

भडंगप्रेमी
येरळेत पाणी होतं का पण? फेब्रुवारीत?

तंबाखूमुक्त_मी
वाळूतच पडल्या. एकजण संध्याकाळी जाऊन शोधून घेऊन आला, त्या चौघांपैकीच.

अण्णा_पलूस
मूळ मुद्द्यावर येतो. एक गोष्ट आबा गेल्यावर नऊ वर्षांनी बाहेर आली. ऑक्टोबर २०२४ ला तासगावात रोहितच्या विरोधात उभ्या असलेल्या संजयकाकांच्या प्रचाराला अजितदादा आले होते, त्यांनी स्वतः भर सभेत सांगितलं की सिंचन प्रकरणात माझ्या उघड चौकशीच्या फायलीवर आबांनी गृहमंत्री म्हणून सही केली होती. दादांनी तक्रार म्हणून सांगितलं, माझाच माणूस आणि माझ्यावरच उलटला अशी. पण आमच्या पारावर लोकांनी उलटं ऐकलं. आपल्याच पक्षाच्या एवढ्या मोठ्या नेत्याच्या फायलीवर सही करणारा गृहमंत्री किती जणांनी बघितलाय?

काळाकोट_सातारा
सही करणं हे त्याचं कामच होतं. काम केल्याचं कौतुक करायची पाळी आली हे जास्त बोलकं आहे. बाकी ती सभा तासगावात घ्यायचा सल्ला कुणी दिला त्याला माझ्याकडनं पाव किलो.

कोरडवाहू
ती सभा ऐकायला मी होतो. आणि खरं सांगू, मी काका गटाचा. त्या दिवशी घरी येऊन गप्प बसलो. पुढं काय झालं सगळ्यांना माहीत आहे, २५ वर्षांचं पोरगं निवडून आलं.

पण म्हणून पाण्याचा मुद्दा सोडत नाही हां.

मिरजमळा
पोरगं निवडून आलं ते आबांच्या फोटोवर. मधी जवळजवळ दहा वर्षं सुमनवहिनी आमदार, ते पण फोटोवर. वसंतदादांचं घराणं, राजारामबापूंचं घराणं, पतंगरावांचं घराणं, आणि आता घराणं नसलेल्याचं पण घराणं. जिल्हा परिषदेचा मेंबर म्हणून हमालाचा, शेतमजुराचा पोरगा आता कुठला उभा राहील ते दाखवा.

गावगाडा
शाळेत, कॉलेजात कमवा व शिका करून आलेला माणूस १९७९ ला वयाच्या बाविशीत झेडपीवर गेला. आज त्या वयाच्या पोराला तिकीट मागायला गेलं तर विचारतील, खर्च किती करणार?

पाटलाचा_वाडा
स्मार्ट ग्राम योजनेला २०२० पासनं 'आर. आर. (आबा) पाटील सुंदर गाव' नाव दिलंय, ते भाच्याला सांगा. आमच्या ग्रामपंचायतीत त्याचा बोर्ड आहे. बोर्डाच्या मागं कचराकुंडी.

येरळाकाठ
सगळ्यांचे आभार, परत आलो. काल रात्री भाच्याला हा सगळा धागा वाचून दाखवला. मावशींचं झालं तेव्हा त्याची आई, म्हणजे माझी बहीण, भाकरी थापता थापता थांबली, तव्यावरची करपली. मग म्हणाली आमच्या कवठ्याला पण तसंच होतं की. भाच्याला हे पहिल्यांदाच कळत होतं, त्याला वाटायचं घरात संडास असतोच. कोरडवाहूंचं वाचल्यावर म्हणाला हे बरोबर बोलत्यात. काळाकोटांचं त्याला सगळ्यात पटलं, पोरगा वकील होणार बहुतेक, वाया गेला.

शेवटी मी विचारलं, मग आता सांग, आबांनी काय केलं? थोडा वेळ विचार केला आणि म्हणाला, मामा, संडास बांधायला लावले, पाणी आणायचं राहिलं, आणि बोलताना दोनदा चुकले. मी म्हटलं बास, लिही निबंधात. तर म्हणतो निबंध कुठला, मी आपलं असंच विचारलेलं.

दंडाचा हिशेब: भडंगप्रेमी अर्धा किलो, काळाकोट पाव किलो, आणि पहिल्याच पोस्टमध्ये मी स्वतः हा शब्द तीन वेळा वापरलाय असं भाच्यानं मोजून दाखवलं, शीर्षक धरून चार. माझा एक किलो.

कोरडवाहू
बेदाणा माझ्याकडनं घ्या सगळ्यांनी, शेडवर पडून आहे, दर बघून विकलाच नाही. हिरवा आहे. उधारी नाही.